डागडुजीला तारीख हवी

बँकेचा सारा कारभार तारखांवर चालतो. मुदत ठेवीला परिपक्वतेची तारीख असते, कर्जाच्या हप्त्याला देय तारीख असते, धनादेश तीन महिन्यांनी शिळा होतो आणि नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतनधारकाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. तारीख चुकली तर व्याज बुडते, दंड पडतो, निवृत्तिवेतन अडकते. या शिस्तीबद्दल सहसा कोणी कुरकुर करीत नाही. कारण पैशाच्या व्यवहारात ‘नंतर पाहू’ या दोन शब्दांची किंमत किती असते, हे ग्राहक आणि कर्मचारी दोघांनाही ठाऊक आहे. मात्र हा सारा व्यवहार आज ज्या संगणकांवर आणि मोबाईलवर चालतो, त्यांच्या दुरुस्तीचा विषय निघाला की हीच शिस्त गळून पडते. पडद्यावर ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना झळकते आणि आपण ‘नंतर आठवण करा’ या बटणावर बोट ठेवून मोकळे होतो. घोंगडे भिजतच राहते. या डागडुजीलाही ठेवीसारखी आणि हप्त्यासारखी तारीख हवी, आणि त्या तारखेपुढे एका जबाबदार माणसाचे नाव हवे, असे माझे मत आहे.

मुळात ही डागडुजी कशाची, हे थोडक्यात पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये बसलेला कारभारी. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, आयओएस ही त्याची परिचित नावे. स्मृतीतील जागा कोणी वापरायची, कोणती फाईल कोणी उघडायची, बाहेरून आलेला निरोप आत घ्यायचा की नाही, हे सारे तो ठरवतो. हा कारभारी लक्षावधी ओळींच्या आज्ञावलीने बनलेला असतो आणि माणसांनी लिहिलेल्या एवढ्या प्रचंड मजकुरात चुका राहणारच. त्यांतील बऱ्याच चुका निरुपद्रवी असतात. काही मात्र परक्याला आत शिरण्याइतकी फट ठेवतात. अशी फट बुजवणाऱ्या दुरुस्तीला तंत्रज्ञ ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत ठिगळ. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून अशी ठिगळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याचा प्रघात पाडला. गूगलने ऑगस्ट २०१५ पासून अँड्रॉइडसाठी सुरक्षा पत्रके काढण्यास प्रारंभ केला.

येथे एक गोष्ट सर्वसामान्य वापरकर्त्याच्या ध्यानात येत नाही. दुरुस्ती जाहीर होणे म्हणजे एका अर्थाने फट कोठे आहे याची दवंडी पिटणे होय. दुरुस्तीपूर्वीची फाईल आणि दुरुस्तीनंतरची फाईल शेजारी ठेवून ताडून पाहिली की नेमका बदल कोठे झाला, हे जाणकाराला कळते. आणि जेथे बदल झाला तेथेच दोष होता, हे उघड असते. ज्याने दुरुस्ती बसवली त्याचे दार बंद झाले. ज्याने बसवली नाही त्याचे दार उघडे तर राहिलेच, शिवाय ते उघडे असल्याची वार्ता आता चोरालाही मिळाली. म्हणूनच दुरुस्ती हाती आल्यानंतरचा विलंब साध्या आळसाहून गंभीर ठरतो. फट तीच असते. तिचा पत्ता मात्र आता जगजाहीर झालेला असतो.

याचे ठळक उदाहरण देशाच्या राजधानीतच घडले आहे. नवी दिल्लीतील लोधी रस्त्यावर, सीजीओ संकुलातील इलेक्ट्रॉनिक्स निकेतन या इमारतीत ‘सर्ट-इन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे कार्यालय आहे. संगणकीय संकटांच्या वेळी देशाला सावध करणे, हे तिचे जानेवारी २००४ पासूनचे काम. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. संगणकांनी आपसात फायली देण्याघेण्याच्या सोयीतच हा दोष होता. दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, सर्ट-इनने त्याविषयी ‘तीव्रता : उच्च’ असा शेरा मारून सूचना प्रसिद्ध केली. पुढे १४ एप्रिलला त्या दोषाचा फायदा घेणारे, अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेकडून फुटलेले एक साधन महाजालावर उघड झाले. तरीही असंख्य यंत्रे तशीच राहिली. अखेर १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच फटीतून जगभर पसरला. त्याने दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांच्या फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येक संगणकामागे ३०० डॉलरची खंडणी मागितली. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही कार्यालयांतील संगणक त्याच्या तावडीत सापडले.

लोधी रस्त्यावरून निघालेली सूचना आणि हा हल्ला यांच्यात अठ्ठावन्न दिवसांचे अंतर होते. दोन महिन्यांना दोन दिवस कमी! आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने १३ मे रोजी, म्हणजे हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, खास दुरुस्ती दिली. ते वरातीमागून घोडे होते. परंतु खरे दुःख एक्सपीचे नव्हतेच. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने आपल्या नोंदींवरून सांगितले, की बाधित संगणकांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक संगणक विंडोज ७ वर चालणारे होते. त्या प्रणालीसाठी दुरुस्ती मार्चपासूनच उपलब्ध होती. म्हणजे औषध घरात होते. फक्त कोणी घेतले नव्हते.

औषध का घेतले गेले नाही, याचे उत्तर ब्रिटनमध्ये झालेल्या चौकशीत सापडते. तेथील सरकारी आरोग्य सेवेला या विषाणूचा मोठा फटका बसला, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने आपला अहवाल दिला. बाधित झालेल्या प्रत्येक रुग्णालय संस्थेत दुरुस्ती न बसवलेली अथवा आधार संपलेली विंडोज प्रणाली होती, असे त्यात नमूद आहे. दुरुस्ती बसवा, असे इशारे मार्च आणि एप्रिलमध्ये देण्यात आले होते. मात्र त्या इशाऱ्यांचे पालन स्थानिक संस्थांनी केले की नाही, हे तपासण्याची औपचारिक व्यवस्थाच आरोग्य खात्याकडे नव्हती. लेखापरीक्षकांचे हे निरीक्षण कोणत्याही बँकेच्या कर्मचाऱ्याला चटकन पटेल. सूचना पाठवली एवढ्याने काम झाले असे आपण रोकड मोजणीच्या बाबतीत कधी मानतो का? तेथे मोजणारा असतो, पडताळणारा असतो आणि दोघांच्याही सह्या असतात.

महाराष्ट्रालाही याची झळ लागली. वॉनाक्रायने जगाला खडबडून जागे केल्यानंतर, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ हा दुसरा विषाणू पसरला. त्याच्या हत्यारांपैकी एक हत्यार तीच मार्चमधील फट होती. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या आणि तिच्या समूहाकडे असलेल्या, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे संगणकीय कामकाज ठप्प झाले. कंटेनरची ने-आण हाताने नोंदी करून चालवावी लागली. मर्स्कने आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात असल्याचे जाहीर केले. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की नॉटपेट्या केवळ त्या फटीवर अवलंबून नव्हता. संगणकाच्या स्मृतीतून परवलीचे शब्द चोरून तो दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरत असे. ठिगळ हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. ते नसेल तर मात्र बाकीचे उपाय तोकडे पडतात.

आता स्वतःच्या घराकडे वळू. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. ही तारीख कित्येक वर्षे आधी जाहीर झालेली होती. तरीही त्यानंतरची अनेक वर्षे देशातील कितीतरी एटीएम यंत्रे याच प्रणालीवर पैसे देत राहिली. रिझर्व्ह बँकेने १७ एप्रिल २०१७ रोजी गोपनीय परिपत्रकाद्वारे बँकांना याविषयी चिंता कळवली. पुढे २१ जून २०१८ च्या परिपत्रकात, बँकांच्या संथ प्रगतीची गंभीर दखल घेतल्याचे तिने स्पष्ट शब्दांत नोंदवले. त्या परिपत्रकाचा विशेष असा, की त्यात उपदेशाबरोबर वेळापत्रकही होते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताज्या दुरुस्त्या बसवणे, यूएसबीची छिद्रे बंद करणे आदी उपाय ऑगस्ट २०१८ पर्यंत; आधार असलेली प्रणाली किमान २५ टक्के एटीएमवर सप्टेंबर २०१८ पर्यंत, ५० टक्क्यांवर डिसेंबरपर्यंत, ७५ टक्क्यांवर मार्च २०१९ पर्यंत आणि सर्व यंत्रांवर जून २०१९ पर्यंत. आधार संपल्याची तारीख आणि ही शेवटची तारीख यांच्यात पाच वर्षांहून अधिक काळ लोटला. चिंतेला टक्के आणि तारीख यांची जोड मिळाल्यावर तिचा हिशेब मागता येऊ लागला, हा या प्रकरणाचा धडा आहे. हा धडा नियामकाने शिकवण्याची वाट पाहण्याऐवजी प्रत्येक शाखेने आपण होऊन गिरवला असता, तर अधिक शोभून दिसले असते.

यंत्रणा बंद पडली तर सामान्य माणसावर कोणता प्रसंग ओढवतो, हे दिल्लीकरांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये पाहिले. त्या महिन्याच्या २३ तारखेला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, अर्थात ‘एम्स’च्या संगणकांवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, देयके हे सारे सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर चालवावे लागले. जाळ्याची अयोग्य विभागणी, हे कारण संसदेपुढे मांडले गेले. तेव्हा हा प्रसंग न बसवलेल्या ठिगळाचा पुरावा म्हणून मी सांगत नाही. परंतु जाळ्याची विभागणी, सुरक्षित प्रती, परवलीचे शब्द आणि ऑपरेटिंग सिस्टीमची दुरुस्ती ही एकाच घराची निगराणी आहे. एम्सची माहिती अखेर परत मिळाली, ती हल्ल्यातून वाचलेल्या राखीव सर्व्हरवरील प्रतीमुळे. कोणी तरी कधी तरी ते कंटाळवाणे काम वेळेवर करून ठेवले होते, म्हणून हजारो रुग्णांच्या नोंदी वाचल्या.

दुरुस्तीच्या आग्रहावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते झटकून टाकण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा, की अपडेटनेच चालते यंत्र बंद पडते. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीच्या सुरक्षा कार्यक्रमाच्या एका सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर विमानांची माहिती पांढऱ्या फळ्यावर हाताने लिहावी लागली. ते अपडेट ऑपरेटिंग सिस्टीमचे नव्हते. तरी भीती तीच. मात्र त्या घटनेतून निघणारा निष्कर्ष ‘अपडेट नको’ असा नाही. एकाच वेळी सर्व यंत्रांवर नवी गोष्ट सोडू नये, हा तो निष्कर्ष आहे. सदोष फाईल अवघ्या ७८ मिनिटांत मागे घेतली गेली होती. ती आधी मोजक्या संगणकांवर पाठवली असती तर नुकसान मोजकेच राहिले असते. पुढे त्या कंपनीनेही टप्प्याटप्प्याने वाटपाची पद्धत स्वीकारली. शाखेतही हेच करता येते. आधी एका यंत्रावर दुरुस्ती बसवावी, एक-दोन दिवस कामकाज पाहावे, मग बाकीच्यांवर बसवावी. सावधगिरी म्हणून दोन दिवस थांबणे समजू शकते. सावधगिरीच्या नावाखाली दोन महिने थांबणे ही निव्वळ टाळाटाळ होय.

दुसरा प्रश्न बनावट प्रतींचा. दिल्लीचे नेहरू प्लेस काय किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय, या बाजारांनी देशाच्या दोन पिढ्यांना स्वस्तात संगणक दिले, ते दुरुस्त करून दिले. त्यांचे हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु स्वस्ताईच्या हव्यासापायी अनेक ठिकाणी विनापरवाना विंडोज टाकून दिले जाते आणि बिंग फुटू नये म्हणून अपडेटची सोयच बंद करून ठेवली जाते. छोट्या व्यापाऱ्याचे हिशेब, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार, सारे त्याच यंत्रावर चालते. परवान्याचे वाचवलेले पैसे आणि धोक्यात घातलेले खाते यांचा ताळेबंद मांडला, तर हा सौदा कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारा नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण, आणि त्यात बँकांचाही दोष आहे. यंत्र जुने झाले की त्याला दुरुस्त्या मिळणेच थांबते. विंडोज १० च्या सर्वसाधारण आवृत्त्यांचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, एरवी धडधाकट चालणारे संगणक कितीतरी घरांत आहेत. मोबाईलचे तर विचारूच नका. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम या परिसरात केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्यांची मोठी वस्ती आहे; त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. मुलगा पुण्यात किंवा परदेशात, आणि त्याने काही वर्षांपूर्वी घेऊन दिलेला फोन हाच आईवडिलांचा बँकेशी दुवा, असे चित्र नवे नाही. एके दिवशी बँकेचे ॲप सांगते, ‘आपल्या फोनवर ही सेवा उपलब्ध नाही.’ सुरक्षेच्या दृष्टीने बँकेचे ते पाऊल योग्यच असते. पण सत्तरी ओलांडलेल्या ठेवीदाराला ते दार तोंडावर आपटल्यासारखे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून तारखेची शिस्त एकट्या ग्राहकाच्या माथी मारून चालणार नाही. ती तिघांनी वाटून घेतली पाहिजे.

पहिला वाटा उत्पादकाचा. औषधाच्या पट्टीवर ते कधी कालबाह्य होणार हे छापलेले असते. मोबाईलच्या खोक्यावर सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हे सहसा नसते. काही कंपन्यांनी आपल्या महागड्या फोनना सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे वचन दिले आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टीमची अपडेट्स देण्याचे बंधन लागू केले. आपल्या देशात स्वस्त फोन घेणारा ग्राहकच संख्येने अधिक आहे. त्याला तर ही तारीख खरेदीपूर्वी, ठळक अक्षरांत आणि त्याच्या भाषेत कळलीच पाहिजे.

दुसरा वाटा बँकेचा. प्रत्येक शाखेत एक साधी नोंदवही असावी : यंत्र कोणते, प्रणाली कोणती, शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला बसली, पुढची केव्हा आणि जबाबदार कोण. मुख्यालयाकडून हे काम आपोआप होत असेल तर उत्तमच. तरी ते झाले याची खातरजमा कोणी तरी नावानिशी करावी आणि महिन्याच्या बैठकीत ती नोंद थकीत कर्जांच्या यादीइतक्याच गांभीर्याने वाचली जावी. तसेच एखाद्या जुन्या प्रणालीवर ॲप बंद करायचे असेल, तर ग्राहकाला किमान काही महिने आधी मराठीतून पत्राने वा संदेशाने कळवावे आणि शाखेचा किंवा दूरध्वनीचा पर्याय त्याच पत्रात द्यावा.

तिसरा वाटा ग्राहकाचा, आणि तो सर्वांत हलका. महिन्यातला एक दिवस ठरवावा. निवृत्तिवेतन जमा होतो तो दिवस असला तरी चालेल. त्या दिवशी फोन चार्जरला आणि घरच्या वाय-फायला जोडून, फोनच्या स्वतःच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन अपडेट आहे का ते पाहावे. त्याआधी छायाचित्रे व महत्त्वाचे कागद यांची प्रत दुसरीकडे ठेवावी. मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे. व्हॉट्सॲपवर, एसएमएसमध्ये किंवा ईमेलमध्ये आलेल्या दुव्यावरून ‘अपडेट’ कधीही घेऊ नये, मग त्यावर बँकेचे बोधचिन्ह का असेना. बँकेच्या नावाने ‘एपीके’ फाईल पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार सर्रास घडतात. अपडेटची सवय लावून घेताना अपडेटच्या नावाने येणारा भामटाही ओळखता आला पाहिजे.

या सगळ्यात चमकदार असे काहीच नाही. वेळेवर बसवलेल्या दुरुस्तीचे यश दिसत नाही, कारण त्या दिवशी काहीच घडत नाही. शाखा दहा वाजता उघडते, एटीएममधून नोटा निघतात, निवृत्तिवेतन खात्यात जमा होते. परंतु बँकेवरचा विश्वास अशा काहीच न घडलेल्या दिवसांवरच उभा राहिलेला असतो. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेणारा शेतकरी आभाळात ढग दिसण्याची वाट पाहत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, हे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. लोधी रस्त्यावरून पुढचा इशारा निघेल तेव्हा आपल्या हाती अठ्ठावन्न दिवस असतीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. तेव्हा या महिन्याची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहावी, आणि तिच्यापुढे नावही लिहावे.